पथ्य आणि प्रायश्चित्त

माणूस आजारी पडला की भेटायला येणारे लोक त्याला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, "आता कसे वाटते?" हा शिष्टाचाराचा असतो आणि त्याचे उत्तर ऐकायला फारसे कोणी थांबत नाही. दुसरा प्रश्न खरा असतो. पाय मोडलेल्याला तो कोणी विचारत नाही, विषमज्वर झालेल्याला विचारत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला मात्र तो हमखास विचारतात. "खाण्यापिण्यात काय होते हो?"

गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात, वयाच्या ५१ व्या वर्षी, हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. पहाटे चारच्या सुमारास छातीवर पट्टा आवळल्यासारखे झाले, डाव्या हातातून आणि जबड्यातून कळ गेली, दरदरून घाम सुटला. मी त्याला पित्त ठरवले, पेलाभर थंड दूध प्यालो आणि आरामखुर्चीत बसून राहिलो. तीन तास असे गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी पूर्ण बंद झालेली होती. डॉक्टरांनी ती फुग्याने उघडली आणि आत जाळीची नळी बसवली. पण त्या तीन तासांत मेलेला स्नायू त्यांना परत आणता आला नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच, की वाचकांपैकी कोणावर अशी पहाट आली तर त्याने दुधाच्या पेल्याकडे न वळता सरळ दवाखान्याची वाट धरावी.

प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांचे चेहरे पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी म्हणे, "बटाटेवडे फार होत असत," की समोरच्याच्या चेहऱ्यावर पुसटसा दिलासा उमटे. "दहा वर्षांपूर्वीपर्यंत तंबाखू होती," असे म्हटले की तो दिलासा अधिकच स्पष्ट होई. "वडीलही याच दुखण्याने ५६ व्या वर्षी गेले," असे सांगितले की मात्र मंडळी अस्वस्थ होत, चहा संपवून उठत. बाप निवडणे कोणाच्याच हाती नसते. त्यांना माझा अपराध हवा होता. तो सापडला म्हणजे त्यांची स्वतःची सुटका सिद्ध होत होती.

यासाठी त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. कारण माझ्याविरुद्धचा सर्वांत कठोर फिर्यादी मीच होतो. रात्री झोप येत नसे तेव्हा मी वीस वर्षांची साक्ष काढी. शाळेतून घरी येताना गाडीवर उभ्याने खाल्लेले वडे, रविवारची श्रीखंडपुरी, पेपर तपासताना खुर्चीत काढलेल्या सुट्ट्या. निकाल ठरलेलाच होता. दवाखान्यातून सुटताना आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला होता. त्यात तेल मोजून, मीठ कमी, भाज्या आणि डाळी भरपूर, तळलेले क्वचित असे साधे सांगितले होते. मी त्याचे शिक्षापत्र केले. कमी मिठाऐवजी मीठच बंद केले. तेलाची फोडणी बंद केली. दुपारी उकडलेला दुधी आणि संध्याकाळी उकडलेला दुधी. शंभर पानी वही आणून तीत प्रत्येक घासाची नोंद ठेवू लागलो. दहा मिनिटे सपाटीवर चाला, असे डॉक्टरांनी सांगितले, तर मी वीस मिनिटे चाले. गंमत अशी, की आठवड्याभरात या वहीच्या आधारे मी मनात असाही हिशेब मांडला, की एवढे निर्मळ खाल्ल्यावर कोलेस्टेरॉलची गोळी कशाला हवी? पुण्य साठले की दंड माफ व्हावा, अशी माझी अपेक्षा होती.

हा हिशेब पर्वतीच्या पायऱ्यांवर मोडला. घरी येऊन तीन आठवडे झाले होते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि लहानपणी त्या मी धावत चढलो आहे. त्या दिवशी निम्म्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून खाली बसलो. खालून येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने पाणी दिले, खाली उतरवले आणि रिक्षात घातले. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझी वही पाहिली, गोळीची हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, मी औषध लिहून दिले होते. शिक्षा कोणी सांगितली?"

मग त्यांनी समजावून सांगितले. हृदयाच्या मेलेल्या भागाचा पक्का व्रण व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर चालायचे, पण पायरीपायरीने. तो व्रण पुढे कधी आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूलाच त्याचे काम उचलावे लागते. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या. विशेषतः रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर बसवलेली नळीच बंद होऊ शकते. निघताना त्या म्हणाल्या, "हृदयाला माफी मागून उपयोग नसतो. त्याला काम हवे आणि विसावा हवा."

त्या वाक्याने मला वर्षभर विचाराला पुरेल इतके दिले. प्रायश्चित्ताला तीन गोष्टी लागतात. पाप लागते, पाप मोजणारा कोणीतरी लागतो आणि शेवट लागतो. चांद्रायण महिन्याने संपते. शुद्ध झालेला माणूस पुन्हा पंक्तीला बसतो. हृदयाच्या बाबतीत यातले काहीच जुळत नाही. हृदयाच्या स्नायूच्या पेशी जवळजवळ नव्याने होत नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बनचा माग घेऊन स्वीडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की ऐन तारुण्यात वर्षाला शेकडा एक पेशी बदलते आणि पुढे तेवढीही नाही. म्हणजे शुद्ध होऊन पूर्वस्थितीला येणे येथे नाहीच. पथ्य संपत नाही आणि त्याच्या शेवटी क्षमाही नाही. ज्याने ते प्रायश्चित्त म्हणून धरले तो दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर शिक्षा भोगून झाली असे समजून सहा महिन्यांत वड्याच्या गाडीकडे परततो, नाही तर जन्मभर अपराधी राहतो. मी दुसऱ्या वाटेला लागलो होतो.

आणि मुळात ते पाप तरी होते काय? या रोगाच्या उपचारांचा इतिहास मी त्या दिवसांत वाचला आणि चकित झालो. अमेरिकेतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवले, की हृदयाची धमनी रक्ताच्या गुठळीने बंद झाली तरी माणूस जगू शकतो. आणि अशा रोग्याला त्यांनी संपूर्ण विश्रांती सांगितली. पुढे चाळीस वर्षे रोग्यांना सहा-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. हलायचे नाही, बसायचे नाही. आज्ञाधारक रोगी तसे निजून राहत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पायांत रक्त गोठून ती गुठळी फुप्फुसात जाई. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाऊन या बॉस्टनच्या डॉक्टरांनी रोग्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते धाडस वाटले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे पॉल डडली व्हाइट चालण्याचे आणि सायकलचे पुरस्कर्ते होते. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. निश्चल पडून राहणे हा एका पिढीचा सदाचार होता. पुढच्या पिढीत तोच धोका ठरला. १९४० साली पडून राहिलेल्या त्या रोग्यांना आपण पापी म्हणणार काय?

त्याच काळात लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील माणसे अभ्यासली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कंडक्टरांना हृदयरोग कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. मॉरिस सावध गृहस्थ होते. पुढे त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच कमरेने रुंद निघाले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. तरी त्यांचा मूळ तर्क पुढच्या संशोधनांत टिकला. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. तो कंडक्टर काही व्रतस्थ नव्हता. तो पगारासाठी जिने चढत होता, बहुधा कुरकुरत. ड्रायव्हरही आळशी नव्हता. तो नेमून दिलेल्या जागी बसला होता. शरीराने हेतू पाहिला नाही, पायऱ्या पाहिल्या. नीतीच्या दरबारात हेतूला पहिला मान असतो. शरीराच्या दरबारात त्याला बसायला जागाही नसते. म्हणून शरीराच्या निकालावरून माणसाच्या शीलाचा निकाल लावणे ही मूळचीच चूक आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. दोष नाही म्हटले की माणूस लगेच प्रारब्धाच्या मांडीवर जाऊन बसतो. "नशिबात होते," हे वाक्य आमच्या घरात वडिलांच्या बाबतीत पंचवीस वर्षे म्हटले गेले आणि त्याच्या आडोशाने मी तंबाखू खाल्ली. २००४ मध्ये ५२ देशांतील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, बैठे जीवन, फळे-भाज्यांचा अभाव, मनावरचा ताण अशा नऊ गोष्टींत पहिल्या झटक्याच्या धोक्याचा बहुतेक भाग सामावतो, असे तीत दिसले. त्याच पाहणीत असेही दिसले, की आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरीने ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५९ च्या सुमारास. म्हणजे या गोष्टी आपल्याकडे लवकर साठतात. वारसा आहे, तसे हातातलेही पुष्कळ आहे.

पाप आणि प्रारब्ध या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे. तिला मी जबाबदारी म्हणतो. रात्री पावसात शेताचा बांध फुटतो. तो उंदरांनी पोखरला होता, शेजाऱ्याने फोडला की आपणच दुरुस्तीला आळस केला, याचा निवाडा सकाळी होऊ शकतो. रात्री खोरे घेऊन जायचे असते. ज्याचे शेत त्याने जायचे. त्यासाठी त्याचा अपराध सिद्ध व्हावा लागत नाही. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. मी तीन महिने बांधावर उभा राहून स्वतःला शिव्या देत होतो, आणि पाणी वाहतच होते.

शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे वचन आपण तालमींच्या भिंतींवर लिहितो. ते कोठून आले हे सहसा पाहत नाही. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती घोर तप करीत असते. शिव ब्रह्मचाऱ्याचा वेष घेऊन येतो आणि तिची विचारपूस करतो. समिधा, दर्भ मिळतात ना? स्नानाला पाणी आहे ना? आणि मग विचारतो, हे तप तुझ्या शक्तीला धरून चालले आहे ना? त्या प्रश्नाच्या शेवटी हे वचन येते. म्हणजे ते आळशाला उठवण्यासाठी आलेले नाही. शक्तीबाहेर तप करणाऱ्याला सावध करण्यासाठी आले आहे. चरकसंहितेत, सूत्रस्थानात, पथ्याची व्याख्या आहे. शरीराच्या वाटांना जे बाधत नाही ते पथ्य. पण चरक तेथे थांबत नाही, ते मनालाही प्रिय असावे, असे पुढे म्हणतो. उकडलेला दुधी वहीत टिपून खाणाऱ्याला चरकाने पथ्यकर म्हटले नसते.

आता जे सांगायचे ते सांगायला मला जड जाते. माझ्या प्रायश्चित्ताचा खर्च मी भरत नव्हतो. तो स्वयंपाकघरात भरला जात होता. माझे वेगळे, सासूबाई आमच्याकडे होत्या त्यांचे वेगळे, असे दोन स्वयंपाक होत. माझ्यासमोर चमचमीत कसे खावे म्हणून पत्नी अळणी जेवे, आणि मग उभ्याउभ्या लोणच्याशी उरलासुरला भात संपवी. श्रावणात एकदा ती बाजारातून आली आणि जिन्याच्या वळणावर पिशव्या ठेवून बसली. "काय गं?" मी विचारले. "काही नाही हो, पाठ भरून येते. तुमचे आवरू द्या, मग बघू." मी वहीत संध्याकाळची पावले लिहिली. हे वाक्य लिहितानाही मला शरम वाटते, पण ते तसेच घडले.

पंधरा दिवसांनी माझ्या तपासणीला ती बरोबर आली असता डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि मला उठवून तिला खुर्चीत बसवले. रक्तदाब फार वाढलेला होता. "हे किती दिवस चालले आहे?" बाईंनी विचारले. "यांच्या दवाखान्यापासून," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिले नाही. पुढच्या तपासण्यांत हृदय शाबूत निघाले. बाईंनी मला सांगितले, की बायकांमध्ये हे दुखणे पुष्कळदा छातीत कळ न येता दम लागणे, थकवा, पाठ किंवा मान भरून येणे अशा रूपाने येते. म्हणून ते उशिरा ओळखले जाते. मला तेवढेच कारण पुरेसे वाटले नाही. ते उशिरा ओळखले जाते, कारण विचारणारा स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजत बसलेला असतो.

त्या दिवशी मला प्रायश्चित्तातली खरी खोट दिसली. ते नम्रतेचा वेष घेते, पण त्यात माणूस अष्टौप्रहर स्वतःकडेच पाहत असतो. माझे पाप, माझे पुण्य, माझी पावले. अपराधाची भावना ही स्वार्थाची फार सोज्वळ जात आहे.

नंतर घरात बदल झाला तो साधाच. दोन स्वयंपाक बंद झाले. मी कणीक मळायला आणि भाकरी थापायला शिकलो. पहिल्या पंधरवड्यात भाकरीला कोकणचा नकाशा येई. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, ही मर्यादा दोघांनाही लागू झाली. ते मीठ वरणात नसते इतके लोणच्यात, पापडात, फरसाणात आणि पावात असते, हे कळल्यावर वरणाची चव परत आली. मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, लसूण, कोकम, लिंबू, मूठभर शेंगदाणे, मोजक्या तेलाची पण खरी फोडणी. फ्रान्समधल्या लिऑनला पहिला झटका येऊन गेलेल्या सुमारे ६०० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना भाकरपाव, भाज्या, कडधान्ये, फळे, मासे आणि लोण्याऐवजी वनस्पतिज स्निग्ध असा आहार सांगितला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गटात पुन्हा झटका येण्याचे आणि मरणाचे प्रमाण बरेच कमी होते. त्यात उपास नव्हता. शेतकरी घरात जेवतात तसे ते जेवण होते, आणि आपल्याकडच्या ज्वारी-उसळ-पालेभाजीच्या ताटापासून ते फार लांब नाही.

माझा एक जुना मित्र हे सगळे ऐकून म्हणाला, "अरे, पण याला जगणे म्हणतात का? आयुष्य राखायचेच काम करत बसलास तर ते आयुष्य कशासाठी?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. वहीच्या विरुद्ध तो शंभर टक्के बरोबर होता. आयुष्य हे तिजोरीतले नाणे करून त्यावर पहारा देत बसणे म्हणजे जगण्याचा अपमान आहे. पथ्य नाकारण्याचा हक्कही माणसाला आहे, असे मी मानतो. घरच्यांनी रोग्याचे पोलीस होऊ नये. मुलगा परगावाहून रोज पावलांचा आकडा विचारी, त्याला मी ते बंद करायला सांगितले. पण माझ्या मित्राला मी एवढेच म्हणालो, की त्या सकाळी रिक्षा शोधायला मी धावलो नव्हतो, ती धावली होती. माझे हृदय माझे आहे हे खरे. पण ते बंद पडते तेव्हा धावणारे पाय दुसऱ्याचे असतात. हक्क वापरताना त्या पायांची आठवण असली म्हणजे पुरे. ती आठवण असेल तर भाकरी ही शिक्षा राहत नाही. घराला चुना लावावा, विहिरीचा गाळ काढावा, तसे ते एक नित्याचे काम होते. त्याला पुण्य लागत नाही आणि चुकले तर पापही लागत नाही. चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे असते.

आता आठवड्यातले पाच दिवस आम्ही दोघे सकाळी अर्धा-अर्धा तास चालतो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढ्या वेगाने चाला, ही बाईंनी दिलेली खूण. रविवारी पर्वती. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७६१ मध्ये याच टेकडीवर, चाळिशीत, देह ठेवला. वर गेल्यावर ते आठवते, पण फार वेळ नाही. कारण वारा चांगला असतो आणि ती पिशवीतून पेरू काढते. चढताना आम्ही ठिकठिकाणी थांबतो. पूर्वी मी थांबे तो माझी नाडी मोजायला. आता तिचा श्वास ऐकतो, आणि ती माझा.

यंदा फराळाच्या चकल्या तिने कमीच केल्या आहेत. त्यांतली एक मी काल खाल्ली, गरम, कढईतून काढल्याबरोबर. ती शंभर पानी वही सध्या दुधाच्या हिशेबाला लागली आहे, त्यामुळे चकलीची नोंद कोठे झालेली नाही.